हात बघणारा गुरू

गुरू कसा शोधावा, याचा विचार आपल्याकडे संतांपासून चालत आला आहे. पूर्वी शिष्य गुरूच्या दारी जाई. हल्ली गुरूच शिष्याच्या खिशातल्या फोनमध्ये येऊन बसले आहेत. तेही एक-दोन नव्हेत, शेकड्यांनी! तेव्हा पंचाईत गुरू मिळण्याची नाही, निवडण्याची आहे.

आमच्या घरी ही पंचाईत गिटारच्या निमित्ताने आली. आम्ही राजुऱ्याचे रहिवासी. पेटी-तबला शिकवणारे इथे भेटतात. गिटारचा मास्तर काही आम्हांला गावात सापडला नाही. वर्धा नदी ओलांडून बल्लारपूर-चंद्रपूरकडे जावे, तर पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहू लागले की वाट बंद. अकरावीतली कन्या म्हणाली, "बाबा, इंटरनेटला पूल लागत नाही." या युक्तिवादापुढे मराठीच्या प्राध्यापकाने काय बोलावे?

आम्ही बापलेकींनी सुट्टीत बरीच संकेतस्थळे धुंडाळली. शेवटी माझ्या ध्यानात आले की, नावे कितीही असली तरी जाती तीनच आहेत.

पहिली जात कीर्तनकाराची. बुवा सांगणार, आपण ऐकायचे. जस्टिन सँडरको या मूळच्या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचे 'जस्टिन गिटार' हे त्यातले नामांकित. २००३ साली सुरू झालेल्या या स्थळावरचे मुख्य पाठ फुकट आहेत आणि मुख्य म्हणजे क्रमवार आहेत. आज एक गाणे, उद्या दुसरेच, अशी धरसोड त्यात होत नाही.

दुसरी जात परीक्षकाची. फोनचा मायक्रोफोन तुमचे वाजवणे ऐकतो आणि सूर-ताल जमला की गुण देतो. मुलांना याची गोडी फार.

तिसरी जात मास्तराची. यात कोणी फोनवर समोरासमोर शिकवतो. 'आर्टिस्टवर्क्स'सारख्या शाळेने तर विद्यार्थ्याने आपल्या वादनाचे चित्रण पाठवायचे आणि शिक्षकाने ते पाहून उत्तर धाडायचे, अशी पद्धत पाडली. अर्थात ही जात महाग.

कन्येने दुसऱ्या जातीतले एक ॲप पसंत केले. तीन आठवडे गुणांचा नुसता पाऊस! सौ.ने शेजारीपाजारी कौतुकही सांगून टाकले. चौथ्या आठवड्यात मुलीला डाव्या हाताने पाण्याची बादली उचलवेना. बोटांची टोके दुखणे रीतसरच असते. पोलादी तारांनी ती हुळहुळतात आणि पुढे कातडी घट्ट होते. पण हे दुखणे मनगटाचे होते. वादन बंद करून तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली.

माझा एक जुना विद्यार्थी नागपुरात गिटार वाजवतो. मुलीचे मनगट बरे झाल्यावर त्याला फोनवर तिची बैठक दाखवली. दोन मिनिटांत तो म्हणाला, "सर, ताईंनी दांडी मुठीत आवळली आहे, म्हणून मनगट दुमडतंय. अंगठा मागे मध्यावर घ्या आणि दांडी जरा वर उचला." ॲपला सूर ऐकू येत होता, मनगट दिसत नव्हते!

हा प्रश्न तसा जुनाच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे वर्गात आणले. भातखंड्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'तून चिजा स्वरलिपीत छापल्या. पुस्तकाने केवढे तरी धन घरोघर पोचले. पण चुकलेल्या स्वराला "थांब" म्हणणारा कोणीतरी समोर लागलाच.

म्हणून आम्ही वाटणी केली. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा बघणारा मास्तर; पुढे फुकटचे क्रमवार पाठ, आणि महिन्यातून एकदा मास्तरांना हात दाखवणे. ॲप राहिले ते तालाच्या सरावापुरते. खर्चही आवाक्यात आला.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. फोनवरून आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे गुरुशिष्यांना एकदम वाजवता येत नाही. आळीपाळीनेच वाजवावे लागते. शिवाय बोलणे स्पष्ट यावे म्हणून असले ॲप तारांचा नाद गोंगाट समजून दाबून टाकते. 'मूळ आवाज' ठेवण्याची सोय असेल तर ती आधी चालू करावी. दुसरी गोष्ट पैशांची. 'सात दिवस फुकट' म्हणताना कार्डाचा नंबर मागितला, तर आठव्या दिवशी वर्षाची वर्गणी कापली जाण्याचा संभव असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासूनच्या नियमाने अशा आपोआप कपातीआधी किमान चोवीस तास सूचना यावी लागते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका!

या दिवाळीत तुमच्या घरी गिटार येणार असेल, तर संकेतस्थळावर किती हजार गाणी आहेत ते नंतर मोजा. आधी एवढेच विचारा : आमच्या पोराचा हात बघणार कोण?