मिठाच्या खड्यांतील कंपनें

वसईच्या मिठागरांतील एखादा खडा तळहातावर घेतला, तर त्यासारखी निश्चल वस्तु दुसरी नाहीं असें वाटतें. परंतु त्यांतील सोडियम व क्लोरीन यांचे विद्युद्भारित अणु अखंड कंप पावत असतात. एक हलला कीं शेजारचा हलतो, आणि खड्यांतून लाटा धांवतात. दर सेकंदास होणाऱ्या कंपांची संख्या, म्हणजे कंपसंख्या, लाटेगणिक निराळी. कोणत्या कंपसंख्येच्या आसपास किती कंपनप्रकार दाटले आहेत, हें दाखविणारा आलेख म्हणजे कंपनघनतेचा आलेख. खडा तापविण्यास किती उष्णता लागेल, हें त्यावरून काढतां येतें.

हा आलेख काढावयाचा कसा? १९४० सालीं एडिंबरो येथें माक्स बोर्न यांच्या हाताखालीं केलरमन यांनीं मिठाचेंच गणित केलें. लांबी व दिशा ध्यानीं घेऊन त्यांनीं सारख्या अंतरानें १००० लाटा निवडल्या. स्फटिकाच्या सममितीमुळें त्यांपैकीं ४८ च वस्तुतः निराळ्या ठरल्या. अणु दोन जातींचे, प्रत्येकास हलण्याच्या दिशा तीन. म्हणून दर लाटेस सहा कंपसंख्या.

आतां आडव्या रेषेवर कंपसंख्येचे सारखे कप्पे पाडावे, आणि कोणत्या कप्प्यांत किती कंपसंख्या पडतात तें मोजावें. येथें एक सावधगिरी हवी. ४८ पैकीं प्रत्येक लाट आपल्यासारख्या कित्येकींची प्रतिनिधि आहे. खानेसुमारींत घरें न मोजतां माणसें मोजतात. तशी ती जितक्यांची प्रतिनिधि, तितक्या वेळां मोजावी. सर्व कप्प्यांची बेरीज ६००० भरलीच पाहिजे. मग प्रत्येक मोजणीस कप्प्याच्या रुंदीनें भागलें, कीं घनता मिळते.

कप्पे रुंद घेतले तर खरीं शिखरें बुजतात. फार अरुंद घेतले तर कांटे उभे राहतात. ते मिठाचे नसून आपल्या अपुऱ्या गणिताचे असतात. रेषा गुळगुळीत केल्यानें हा दोष झांकतो, जात नाहीं. अधिक लाटांचें गणित करावें. त्यानंतरहि जें शिखर जागचें हलत नाहीं, तेंच खरें.

हा भेद क्षुल्लक नव्हे. त्याच दशकांत बंगळूर येथें सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं स्फटिकांत मोजक्या व सुट्या कंपसंख्याच असतात असें प्रतिपादिलें. बोर्न यांच्या मतें त्यांचा पट सलग होता, आणि ठळक दिसतात तीं त्यांतील शिखरें. पुढें न्यूट्रॉनांच्या साहाय्यानें लाटांच्या कंपसंख्या प्रत्यक्ष मोजतां आल्या, आणि बोर्न यांचा पक्ष टिकला. स्फटिकांचीं अशीं मापनें मुंबईंत ट्रॉम्बे येथील अणुभट्ट्यांवरहि झालीं.

आज हेंच गणित संगणक अल्पावधींत करतो. परंतु कप्पा किती रुंद असावा, आणि उभें राहिलेलें शिखर मिठाचें कीं मोजणीचें, हें आलेख काढणाऱ्यानेंच पारखावयाचें असतें.