संक्रांत, सावली आणि ठाण्याचे दीक्षित

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत तिळगूळ देताना एका कॉलेजकुमाराने विचारले, "काका, सूर्य 22 डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो, मग संक्रांत 14 जानेवारीला कशी?"

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न महाराष्ट्रातील विद्वानांत कडाक्याच्या वादाचा विषय झाला होता, आणि त्यात पंचांग ऋतूंना धरून असावे हा सायनपक्ष हिरिरीने मांडणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षणखात्याच्या नोकरीत काही काळ ठाण्याच्या मराठी शाळेचे मुख्याध्यापक होते.

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्याने संपातबिंदू (जिथे सूर्य विषुववृत्त ओलांडतो) सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो. संक्रांत ठरवणारे निरयन पंचांग ताऱ्यांना धरून चालते, ऋतू मात्र संपाताशी बांधलेले, म्हणून ही तफावत साचत गेली.

ही गती पृथ्वीच्या अक्षाची, असे कोपर्निकसने 1543 च्या ग्रंथात प्रतिपादिले. तिचे गुरुत्वाकर्षणीय कारण न्यूटनने 1687 मध्ये दिले. गणितज्ञ केरूनाना छत्रे यांनी 1860 मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध करून युरोपीय गणित मराठीत आणले, तर दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा आधारभूत ग्रंथ 1896 चा.

सूर्य संक्रांतीआधीच उत्तरेकडे वळलेला असतो, याचा पडताळा गच्चीवरच घ्या. मीटरभर उभ्या काठीची मध्यान्हीची सावली 22 डिसेंबरला (दुपारी साधारण 12.36 वाजता) सुमारे 92 सेंटिमीटर भरते, संक्रांतीस (साधारण 12.47) 86.

कल्याण-ठाण्याच्या मंडळींनी आपली मापे अवश्य कळवावीत. शंकाही निःसंकोच विचाराव्यात.