चाळिशी, सुरमा आणि काला मोतिया

वाचायच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’च म्हणतात. वयाची चाळीस उलटली की डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे पुसट दिसू लागते. हा आजार नव्हे, केस पिकण्यासारखीच गोष्ट. तरीही आमच्या असोद्यात सुईत दोरा ओवायला पोराला हाक मारली जाते, तांदूळ निवडायला ओट्यावर उजेडात बसले जाते आणि मगरिबनंतरची कुरआन शरीफची तिलावत हळूहळू कमी होते. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘बल्बचा उजेड कमी पडतो.’ अब्बूंचा चष्मा होतो, कारण त्यांना मोटारसायकल चालवायची असते. मुलाचा होतो, कारण त्याची दहावी असते. अम्मीचा राहून जातो.

मग कोणीतरी बाजारातून तयार चष्मा आणून देतो. त्याने डोळे बिघडत नाहीत, हे खरे. पण त्याच्या दोन्ही काचांचा नंबर एकच असतो, आपल्या दोन डोळ्यांचा तसा असेलच असे नाही. आणि मोठी उणीव म्हणजे, हा चष्मा घेताना डोळ्याच्या आत कोणीच डोकावलेले नसते.

जळगाव आपल्याला लागूनच आहे, तिथे तपासणीला जावे. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नुसता चष्मेवाला नव्हे; त्याचे चार वर्षांचे पदवीचे शिक्षण असते. तो नंबर काढतो, डोळ्याचे आरोग्य पाहतो आणि गरज वाटली तर नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवतो. औषधोपचार आणि ऑपरेशन हे डॉक्टरांचे काम. सहा मीटरवरच्या तक्त्याला घाबरण्याचे कारण नाही. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगळा तक्ता असतो, त्यात चिन्हाचे तोंड कोणत्या बाजूला आहे एवढेच हाताने दाखवायचे. जवळचा नंबर काढताना मात्र एक गोष्ट आपण होऊन सांगावी. तपासणीत कागद हातात धरून वाचायला देतात. आपण कुरआन शरीफ रिहालवर ठेवून वाचतो, ते अंतर बहुधा जास्त असते. शिलाई मशीनचे आणखी वेगळे. घरीच टेपने मोजून तो आकडा सांगितला तर चष्मा खऱ्या कामाचा होतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणीतरी न्यावे. गाडी स्वतः चालवू नये.

आता ‘मोतिया’विषयी. आपल्या घरांत मोतीबिंदूलाही मोतिया म्हणतात आणि काचबिंदूलाही काला मोतिया. नावे जवळची असल्यामुळे ‘पिकू दे, मग ऑपरेशन करू’ हा सल्ला दोन्हींना दिला जातो. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की बहुतेकांना पुन्हा दिसते. सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होते. काचबिंदूत डोळ्यामागची नसच खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. बहुतेकदा दुखत नाही, सुरुवातीला फक्त कडेचे दिसणे कमी होते, म्हणून कळतही नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला असेल तर आपण चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस नियमित तपासून घ्यावी. शुगर असलेल्यांनी नीट दिसत असले तरी दरवर्षी पडदा दाखवावा.

काचबिंदूचे थेंब बहुधा जन्मभराचे असतात. रमजानमध्ये रोजा तुटेल या भीतीने कित्येक बुजुर्ग ते महिनाभर बंद ठेवतात. हनफी आणि शाफई मतानुसार डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही. मालिकी मतात, चव घशात उतरली तर तुटतो. मनात खटका असेल तर इमामसाहेबांना विचारावे, डॉक्टरांकडून सहेरी-इफ्तारच्या वेळा बसतात का ते पाहावे, पण स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये. थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरला तर औषध घशाकडे फारसे जात नाही.

सुरम्याचे काय? त्याच्याशी आपले नाते जुने आहे. अरबीत डोळ्यांच्या हकिमाला ‘कह्हाल’ म्हणत, म्हणजे ‘कुहल’वाला, सुरमेवाला. बगदादच्या अली इब्न ईसा यांचा ‘तज़किरतुल कह्हालीन’ हा नेत्रविकारांवरचा ग्रंथ शतकानुशतके वापरात होता. मात्र आज बाजारात मिळणाऱ्या अनेक सुरम्यांत इस्मिद नसून शिशाचे खनिज असते. लहान मूल डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. तान्ह्या बाळाला तर सुरमा लावूच नये, काजळही नको.

आपल्याकडे शेतातले दुखणे वेगळे. कपाशीची काडी किंवा ज्वारीचे पान डोळ्याला लागते, आणि घरी दूध, मध किंवा मेडिकलवरून विचारून आणलेले थेंब घातले जातात. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल आणि जखमेत बुरशी शिरलेली असेल, तर बुबुळ झपाट्याने खराब होते. स्वच्छ पाण्याने धुवावे, चोळू नये आणि त्याच दिवशी जळगाव गाठावे. पऱ्हाट्या उपटताना साधा पारदर्शक गॉगल लावला तर ही वेळ सहसा येत नाही.