मुलांचे दप्तर

‘दप्तर’ या शब्दाची आपल्या भाषेत मोठी मौज झाली आहे. फारसीतून आलेला हा शब्द मुळात कागदपत्रांच्या नोंदींचा. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादून काढले. ते दप्तर म्हणजे एका राज्याने काय योजले, काय साधले आणि कोठे फसले याचा पुरावा. तोच शब्द शाळेत शिरला आणि मुलांच्या पाठीवरचे ओझे झाला! त्यात पुस्तके असतात, वह्या असतात, डबा असतो. पण हे मूल वर्षभरात काय शिकले, असे कोणी विचारले तर आपण दप्तराकडे वळत नाही. प्रगतिपुस्तक पुढे करतो.

इंग्रजीत ज्याला पोर्टफोलिओ म्हणतात, तो म्हणजे जुन्या अर्थाचे दप्तर होय. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या कामातून निवडून, तारीखवार लावून ठेवलेला संग्रह. चित्रकारांना आणि वास्तुशिल्पज्ञांना तो नवा नाही. केलेले काम दाखवल्यावाचून त्यांना पुढचे काम मिळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या प्रगतिपुस्तकातही त्याचा विचार व्हावा असे म्हटले आणि घरोघरी त्याची चर्चा सुरू झाली. चर्चा सुरू झाली की आपण काय करतो? बाजारात जाऊन एक जाडजूड, चकचकीत फाईल घेऊन येतो. पण फाईल आणण्यापूर्वी तिच्यात काय घालायचे ते ठरवावयास हवे.

त्यासाठी दोन जुनी उदाहरणे पाहू. मायकेल फॅरडे हा एका इंग्रज लोहाराचा मुलगा. शिक्षण बेताचे; पुढे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. १८१२ साली त्याला हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची चार व्याख्याने ऐकावयास मिळाली. त्याने टिपणे घेतली, ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांची नीट बांधणी केली आणि ते पुस्तक डेव्हीकडे धाडून दिले. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा रिकामी झाली, ती फॅरडेला मिळाली. ऐकलेले त्याला समजले होते, हातात कसब होते आणि घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी होती, हे त्या एका पुस्तकाने सांगितले. असा दाखला त्याला कोणती शाळा देणार होती?

दुसरे उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचे. गणितावाचून इतर विषयांत मन न रमल्यामुळे ते कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले. गुणपत्रिकेने त्यांना दार बंद केले. ते उघडले त्यांच्या वह्यांनी. १९१० च्या सुमारास भारतीय गणित परिषदेचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर यांना त्यांनी त्या वह्या दाखवल्या. १९१३ साली केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र गेले, तेही आपल्या कामाचे नमुने घेऊनच.

“अहो, ती थोर माणसे! आमच्या बंडूचे काय?” असे वाचक म्हणतील. प्रतिभा थोरांची खरी. पण केलेले काम लिहून ठेवणे आणि योग्य माणसाला दाखवणे, ही सवय कोणत्याही बंडूला लावता येते.

आपल्याकडे ती कल्पना नव्हती असेही नाही. सायन्सच्या विद्यार्थ्यांचे जर्नल म्हणजे दुसरे काय? प्रयोग करावा, निरीक्षण नोंदवावे, आकृती काढावी, शिक्षकांची सही घ्यावी. पण व्यवहारात काय घडते? गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे जर्नल मिळवायचे आणि रात्र जागून उतरून काढायचे. प्रयोग नवा, आकडे जुने! शाळेतल्या ‘प्रोजेक्ट’चीही तीच गत. रात्री अकरा वाजता वडील पुठ्ठा कापताहेत, आई रंग देत आहे आणि ज्याचे प्रोजेक्ट ते चिरंजीव गाढ झोपलेले, हे दृश्य कोणत्या घरात दिसत नाही? आता तर यंत्राला सांगितले की मिनिटाभरात निबंधही मिळतो. तेव्हा नुसते नीटनेटके काम हा शिकल्याचा पुरावा उरलेला नाही.

मग पुरावा कोणता? माझ्या मते पुरावा आहे तो खाडाखोडीत. समजा, एका मुलीने ‘पावसाळा’ या विषयावर निबंध लिहिला. पहिल्या खेपेस तिने नेहमीचे काळे ढग, नाचणारे मोर वगैरे सारे आणले. शिक्षकांनी विचारले, “मोर तू कोठे पाहिलास?” दुसऱ्या खेपेस मोर गेला आणि घरातल्या गळक्या छपराखाली मांडलेली भांडी आली. तिसऱ्या खेपेस त्या भांड्यांचे निरनिराळे आवाज आले. हे तिन्ही कागद एकत्र ठेवा; ती लिहावयास कशी शिकली ते कोणालाही दिसेल. केवळ तिसरा ठेवलात, तर तो तिचा की आणखी कोणाचा, हेही कळणार नाही.

म्हणून संग्रह करताना काही पथ्ये पाळावीत. प्रत्येक कागदावर तारीख हवी. पहिला प्रयत्न आणि सुधारलेला प्रयत्न शेजारीशेजारी हवेत. सोबत मुलाने स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात: काय करावयाचे होते, कोठे अडले, पुढच्या वेळी काय करीन. वर्षाकाठी दहाबारा गोष्टी पुरेत. निवड मुलाने करावी. त्या लेखीच असाव्यात असे नाही. स्वतः दुरुस्त केलेल्या सायकलचे छायाचित्र, बिघडलेल्या आणि मग साधलेल्या नारळाच्या वड्यांचे प्रमाण, मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेले पाठांतर, सारे चालेल. आईवडिलांनी प्रश्न विचारावेत, कात्री मात्र हाती घेऊ नये.

अशा संग्रहाला गुण देण्याची घाईही नको. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९९० नंतरच्या काही वर्षांत चौथीच्या आणि आठवीच्या मुलांच्या लेखनाचे व गणिताचे असे संग्रह राज्यभर तपासून पाहिले. अभ्यासकांना आढळले की, एकाच संग्रहाबद्दल दोन परीक्षकांचे पुरेसे एकमत होत नाही. शिकवण्याच्या कामी मात्र संग्रहाचा उपयोग झाला, असे शिक्षक सांगत होते. तात्पर्य, तराजू म्हणून तो कच्चा असेल; आरसा म्हणून चांगला आहे. शिवाय जेथे गुण आले तेथे चढाओढ आली, आणि चढाओढ आली की वडिलांच्या हाती पुन्हा पुठ्ठा आलाच!

नोकरीच्या मुलाखतीत “तुम्हाला काय येते?” हा प्रश्न आला की पुष्कळ हुशार मुले गप्प होतात. त्यांना काही येत नाही म्हणून नव्हे. आपल्याला काय येते, हे त्यांनी स्वतः कधी पाहिलेलेच नसते म्हणून. टक्के तेवढे पाठ असतात. ज्याने दहा वर्षे आपले काम निवडले, त्यावर दोन ओळी लिहिल्या, त्याला या प्रश्नाची भीती वाटणार नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या वह्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो. यंदा तो बांधण्यापूर्वी मुलाला जवळ बसवा आणि विचारा, “यातले काय ठेवू या?” त्याने नेमके लाल शेऱ्यांनी भरलेले पान उचलले, तर हिसकावून घेऊ नका. ते पान का ठेवावेसे वाटले, एवढेच त्याला विचारा.