हेडर बदलला, तर ऑक्सिजन सेन्सरही
निकास वायूंत उरलेला ऑक्सिजन मोजून मिश्रणातील इंधन कमी आहे की जास्त हे इंजिनाच्या संगणकाला कळवणारा झिरकोनियाचा सेन्सर सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या वर तापल्याखेरीज भरवशाचा संकेत देत नाही. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी लांब नळ्यांचा हेडर बसवला की सेन्सर इंजिनापासून दूर जातो, तेथे पोहोचेपर्यंत वायू निवतात, आणि जुन्या गाड्यांतील हीटर नसलेला एकतारी सेन्सर, विशेषतः आयडलिंगला, मुका होऊन संगणक ठरीव अंदाजानेच इंधन सोडू लागतो. अशा वेळी अंगभूत हीटर असलेला तीन किंवा चार तारांचा सेन्सर घेणेच श्रेयस्कर. मात्र तो आडव्या रेषेपासून किमान 10 अंश वर कलता बसवावा, कारण साचलेले पाणी तापलेले सिरॅमिक तडकवते.