घरातले नाते आणि मैदानावरचे सवंगडी

बालवाडीत पहिला मित्र जोडणाऱ्या मुलाच्या गाठीशी नात्यांचा तीन-चार वर्षांचा अनुभव असतो. रडले तर कोणी जवळ घेते का, रुसले तर समजूत निघते की कोणी लक्षच देत नाही, चूक झाली तर बोलणी किती खावी लागतात, हे सारे ते घरी शिकून आलेले असते. नवे मूल समोर आले की त्याच्याकडूनही ते नकळत तीच अपेक्षा धरते.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे. सांभाळ करणाऱ्या माणसाशी जडलेल्या बंधातून मुलाच्या मनात दोन समजुती रुजतात : दुसऱ्यावर विसंबता येते की नाही, आणि आपण कोणाला हवेसे आहोत की नाही. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी हा बंध पारखण्याची एक रीत बसवली. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला आईबरोबर अनोळखी खोलीत आणायचे आणि आईने दोनदा थोडा वेळ बाहेर जायचे. सगळे वीसेक मिनिटांत आटोपते. मूल आई गेल्यावर किती रडते यापेक्षा ती परतल्यावर काय करते, ते महत्त्वाचे. बरीच मुले आईला बिलगतात, शांत होतात आणि पुन्हा खेळण्यांकडे वळतात; हा सुरक्षित बंध. काही मुले आईला पाहून तोंड फिरवतात, तर काही तिला घट्ट धरतात आणि त्याच वेळी झिडकारतातही.

या बंधाचे पुढे काय होते, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासाने दाखवले. 1975 च्या सुमारास सुरू झालेल्या या अभ्यासात गरीब घरांतल्या, पहिल्यांदाच आई होणाऱ्या 267 स्त्रियांची नोंद झाली आणि त्यांच्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला गेला. बालवाडीच्या वयात यांतल्या काही मुलांच्या जोड्या लावून त्यांचा खेळ पाहण्यात आला. काही जोड्यांत एक मूल दुसऱ्याला वारंवार छळत होते. छळणारे मूल तोंड फिरवणाऱ्यांपैकी असे, आणि सोसणाऱ्याचाही बंध असुरक्षित असे. सुरक्षित बंधाची मुले छळणाऱ्यांत नव्हती आणि सोसणाऱ्यांतही नव्हती. जोडीदार अंगावर आला तर ती त्याला जरुरीपुरते अडवत, नाहीतर बाजूला होत.

या विषयातला हा सर्वांत बोलका निष्कर्ष म्हणावा लागेल. मूल नात्याच्या दोन्ही बाजू शिकते. ज्याला सतत झिडकारले गेले, त्याला झिडकारून घेण्याची सवय होते आणि झिडकारायचे कसे हेही कळते. म्हणून वर्गातला दांडगा मुलगा आणि त्याचा मार मुकाट खाणारा मुलगा, दोघांकडेही सारख्याच काळजीने पाहायला हवे. एकाला शिक्षा करून आणि दुसऱ्याला ‘तू पण मार’ असे सांगून प्रश्न सुटत नाही.

बंधाच्या जोडीला रोजचे वागणेही मैत्री घडवते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉस पार्क यांना आढळले, की जे वडील मुलाशी हसतखेळत दंगामस्ती करतात पण सारखे हुकूम सोडत नाहीत, त्यांची मुले सवंगड्यांत अधिक आवडती असतात. जॉन गॉटमन यांनी पाच वर्षांच्या मुलांच्या घरांचा अभ्यास केला. मुलाचा राग किंवा दुःख धुडकावून न लावता त्याबद्दल बोलणाऱ्या आईवडिलांची मुले आठव्या वर्षी मित्रांत चांगली रुळलेली दिसली. चिडवणाऱ्या पोरांसमोर रडून भागत नाही, तिथे स्वतःला सावरावे लागते. आणि ही मुले सावरणे घरी शिकली होती.

हा फरक मैदानावर सहज दिसतो. लगोरीचा डाव रंगात आलेला असताना एक मूल कडेला उभे राहते, कोण कुठल्या बाजूला आहे ते पाहते, लांब गेलेला चेंडू आणून देते आणि थोड्या वेळाने खेळात असते. दुसरे मधेच घुसून ‘माझ्याकडे याहून भारी चेंडू आहे’ म्हणते, आणि कोणी त्याला खेळायला घेत नाही.

मुलांना सवंगडी मिळवून देणे हेही आता पालकांचे काम झाले आहे. चाळीच्या गॅलरीत किंवा वाड्याच्या अंगणात खेळगडी आपोआप भेटत. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये कोणाला तरी फोन करून बोलवावे लागते. गॅरी लॅड यांच्या अभ्यासात अशी गाठ घालून देणाऱ्या पालकांच्या मुलांना जास्त खेळगडी होते. मात्र खेळ चालू असताना शेजारी बसून राहणाऱ्यांपेक्षा दुरून लक्ष ठेवणाऱ्यांची मुले इतरांना जास्त आवडत.

तरीही सगळा भार आईवडिलांवर टाकणे अन्यायाचे आहे. 2001 मध्ये 63 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा पालकांशी असलेला बंध आणि मैत्री यांचा संबंध खरा पण बेताचा निघाला. जिवलग मैत्रीशी थोडा जास्त, एरवीच्या मिसळण्याशी कमी. मुलाचा उपजत स्वभाव, शाळा, शेजार यांचाही वाटा असतो. आईबापांविना वाढलेली मुलेही जीव लावू शकतात. तेरेझिनच्या नाझी छावणीतून वाचलेली, तीनेक वर्षांची सहा अनाथ मुले 1945 मध्ये इंग्लंडला आणली गेली. त्यांच्याबद्दल अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डॅन यांनी लिहिले आहे. मोठ्या माणसांशी ती फटकून वागत, पण एकमेकांपासून क्षणभर दूर व्हायला तयार नसत, आणि खाऊ वाटताना दुसऱ्याला मिळाला की नाही याची काळजी करत.

किशोरवयात मित्र निवडणे पालकांच्या हातून जवळजवळ सुटते. मुलगा कोणाबरोबर फिरतो हे माहीत असलेल्या घरांत मुले कमी वाहवतात, म्हणून पहारा ठेवावा, असे पूर्वी मानत. स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी 14 वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून 2000 मध्ये दाखवले, की ही माहिती पालकांना मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेली असते. उलटतपासणीतून फारसे हाती लागत नाही. पुढच्या अभ्यासात असेही दिसले, की सांगितल्यावर टोमणे किंवा अबोला वाट्याला आला, तर मुले हळूहळू सांगायचे कमी करतात आणि लपवायला लागतात.