पोट्टा उंच आहे, म्हणून रिंगखाली?

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात सहा फूट एक इंचाचा मुलगा बास्केटबॉलच्या सरावाला आला, की चेंडू हातात येण्याआधीच त्याची जागा ठरते. ‘पोट्टा उंच आहे, टाका रिंगखाली.’ चार दिवसांनी लक्षात येतं की त्याचं ड्रिबल बरं आहे, लांबून बास्केटही पडते, आणि बचावाला तो सगळ्यांच्या आधी परततो. मग सूर बदलतो: ‘हा तर कुठंही खेळतो!’ दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे, आणि दोन्हींमुळे चांगले खेळाडू वाया जातात.

आधी उंचीचं बघू. पूर्वी प्रत्येक बास्केटनंतर मधल्या वर्तुळात पुन्हा जंप बॉल व्हायचा. उंच माणूस मध्ये उभा केला की दरवेळी चेंडू आपल्याकडे येण्याची शक्यता वाढायची. अमेरिकेत १९३७च्या सुमारास ही पद्धत गेली, पण ‘सर्वांत उंच तो सेंटर’ हा हिशोब तसाच राहिला. रिबाउंडसाठी तरी उंचीच लागते ना? चार्ल्स बार्कलीची नोंदीतली उंची सहा फूट सहा इंच, म्हणजे एनबीएच्या मानाने फॉरवर्डलाही कमीच. तरी १९८६-८७च्या हंगामात रिबाउंडमध्ये तो अव्वल होता. सहा फूट सात इंचांचा डेनिस रॉडमन तर १९९२ ते १९९८ अशी सलग सात वर्षं अव्वल राहिला. चेंडू रिंगवरून कुठं उडणार याचा अंदाज आणि वेळेवर केलेलं बॉक्स-आउट (समोरच्याला पाठीनं रिंगपासून दूर अडवणं), हे उंचीइतकंच मोलाचं असतं. मोजायचीच असेल तर उभ्यानं वर केलेल्या हाताची पोच मोजा. रिंग ३.०५ मीटरवर आहे, आणि तिथं डोकं नाही, हात पोचतो.

याचा अर्थ उंची बिनकामाची असा नाही. ती समोरच्यावर अवलंबून असते, एवढंच. तुमसर, साकोली, पवनीच्या सामन्यांत सहा फूट एक इंचाचा मुलगा सर्वांत उंच ठरू शकतो. पण इथली कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाच्या संघात निवड झाली, की आंतरविद्यापीठ स्पर्धेत समोर साडेसहा फुटांचा सेंटर उभा राहू शकतो. तीन वर्षं फक्त रिंगकडे पाठ करून खेळलेल्या मुलाला तिथं अचानक बाहेर येऊन खेळ म्हटलं, तर तो कुठून खेळणार? मुलींच्या संघातही हेच घडतं. जिल्ह्यात अशा उंच मुलाला सेंटर खेळवायला हरकत नाही, पण सराव मात्र बाहेरच्या जागेचाही हवा.

पाच जागा नियमातच लिहिलेल्या आहेत, असंही पुष्कळांना वाटतं. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत पाच खेळाडू, कर्णधार आणि राखीव खेळाडू आहेत. पॉइंट गार्ड किंवा पॉवर फॉरवर्ड नाही. व्हॉलीबॉलमधल्या लिबेरोसारखी वेगळ्या नियमांची जागा बास्केटबॉलमध्ये नाही. जागांना दिलेले एक ते पाच हे आकडे प्रशिक्षकांच्या सोयीचे आहेत. खेळाच्या जन्मवर्षी, १८९१ साली, एका बाजूला नऊ जण खेळले होते.

‘ज्याचं ड्रिबल भारी, तो पॉइंट गार्ड’ हाही अर्धवट निकष. आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायचा असतो. समोरच्यांनी पूर्ण कोर्टभर प्रेस लावला, दोघे अंगावर आले आणि डाव्या हातानं निघायची वेळ आली, तर चेंडू शाबूत राहतो का? त्यातही मान वर राहते का? चकचकीत ड्रिबल करणारे कितीतरी जण तिथं मान खाली घालतात.

आता मुख्य गोष्ट. अष्टपैलू खेळाडूची जागा ठरवताना आपण तो काय काय करतो याची यादी करतो. तो कुणाला अडवू शकतो, हे क्वचितच विचारतो. खरं तर सुरुवात तिथूनच करावी. आक्रमणात आपला डाव आपण आखतो, त्यामुळे उणीव लपवता येते. बचावात समोरचा संघ नेमका आपला कच्चा माणूस शोधतो. सहा फूट एक इंचाच्या मुलाला अंगानं भारी सेंटरवर ठेवलं, तर तो ढकलाढकलीत फाउल करणार. पाचव्या फाउलला बाहेर. संघाचा सर्वांत उपयोगी खेळाडू ऐन शेवटच्या क्वार्टरमध्ये बाकावर!

‘कुठंही खेळतो’वाले मॅजिक जॉन्सनचा दाखला देतात. १६ मे १९८०, एनबीए अंतिम फेरीचा सहावा सामना. संघाचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार जखमी, म्हणून वीस वर्षांच्या पॉइंट गार्डनं सेंटर म्हणून जंप घेतला आणि ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट केले. हे खरंच. पण समोरच्या फिलाडेल्फिया संघातल्या धिप्पाड डॅरिल डॉकिन्सला रोखण्याचा भार मुख्यतः मॅजिकचा सहकारी जिम चोन्सनं उचलला होता. आणि मॅजिकची कारकीर्द पुढेही पॉइंट गार्ड म्हणूनच घडली.

म्हणून उरलेले चौघे कोण, हेही बघायला हवं. संघात चेंडू वर नेणारा दुसरा कुणी नसेल, तर आपल्या अष्टपैलू मुलाला शूटर म्हणून कोपऱ्यात उभं करणं ही चैन आहे. दुसरा बरा असेल, तर हा तीन नंबरला, म्हणजे स्मॉल फॉरवर्डच्या जागी, मोकळा सुटतो. माझ्या मते बहुतेक अष्टपैलू मुलांनी सुरुवात तिथूनच करावी, कारण तिथून दोनला (शूटिंग गार्ड) किंवा चारला (पॉवर फॉरवर्ड) सरकणं सोपं जातं. रोज वेगळी जागा देणं मात्र टाळावं. महिनाभर एक मुख्य जागा, एक दुय्यम, बस्स.

निर्णय वादानं होत नसेल, तर ३×३ लावून बघा. अर्धं कोर्ट, एक रिंग, १२ सेकंदांचं शॉट क्लॉक, दहा मिनिटं किंवा २१ गुण. सिमेंटच्या अर्ध्या कोर्टवरही जमतं. तिघांतच खेळ असल्यानं प्रत्येकाला चेंडू वर आणावा लागतो, स्क्रीन लावावा लागतो आणि अदलाबदलीत कुणाच्याही अंगावर जावं लागतं. बाजूला एकाला वही घेऊन बसवा: या मुलानं कुणाला अडवलं, त्या अडवलेल्या खेळाडूनं किती गुण केले, चेंडू किती वेळा गेला, फाउल किती. असे पाच-सहा सामने झाले, की वहीतले आकडे आणि प्रशिक्षकाचा पहिल्या दिवशीचा अंदाज शेजारी ठेवून बघावेत.